वीतभर माती

२००९ च्या जुलैची गोष्ट. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायर परगण्यात हॅमरविच नावाचं खेडं आहे. त्या खेड्याजवळच्या एका नांगरलेल्या शेतात टेरी हर्बर्ट नावाचे गृहस्थ मेटल डिटेक्टर घेऊन फिरत होते. शेत फ्रेड जॉन्सन यांचं. त्यांची परवानगी रीतसर घेतलेली. तेव्हाच्या बातम्यांनुसार हर्बर्ट यांचं यंत्र चौदा वर्षांचं जुनं होतं. पाच दिवसांत त्या यंत्रानं सोन्याच्या २४४ वस्तू दाखवल्या. मग हर्बर्ट यांनी अधिकाऱ्यांना कळवलं, पुरातत्त्वज्ञ आले आणि बाकीचं काम त्यांनी केलं. सातव्या शतकात कुणीतरी पुरून ठेवलेला हा अँग्लो-सॅक्सन ऐवज: तलवारींच्या मुठींवरचं सोनं, लाल गार्नेट जडवलेल्या पट्ट्या, वाकवून मोडलेले क्रूस. सगळे मिळून सुमारे ४,६०० तुकडे, त्यात जवळपास ४ किलो सोनं. सरकारी समितीनं किंमत ठरवली ३२ लाख ८५ हजार पौंड. ती जॉन्सन आणि हर्बर्ट यांच्यात निम्मी-निम्मी वाटली गेली.

त्यानंतर डिटेक्टरच्या दुकानांतून एकच प्रश्न फिरायला लागला: यंत्र कोणतं होतं? प्रश्न चुकीचा होता. तो ऐवज पाताळात नव्हता. नांगराच्या फाळानं उलथलेल्या मातीच्या थरात, म्हणजे वरच्या वीत-सव्वा वीत मातीत तो विखुरलेला होता. पुढे नोव्हेंबर २०१२ मध्ये तेच शेत पुन्हा नांगरलं गेलं, तेव्हा पुरातत्त्वज्ञांनी पुन्हा डिटेक्टर फिरवले. आधी बारकाईनं तपासलेल्या त्या रानातून आणखी ९१ वस्तू निघाल्या आणि त्यांतल्या ८१ त्याच ऐवजातल्या ठरल्या. नांगरलेल्या शेतात शोध घेणाऱ्याचा खरा सामना खोलीशी नसतो, तो या उलथापालथीशी असतो. कॉइल निवडताना नेमकं हेच विसरलं जातं.

मेटल डिटेक्टर आपल्याकडे माहीत आहे तो मॉलच्या दारातल्या चौकटीचा, नाहीतर शिपायाच्या हातातल्या दांड्याचा. शेतात फिरवायच्या यंत्राचं तत्त्व तेच, घडण वेगळी. हातात धरायची दांडी, कोपराला आधार, मुठीजवळ छोटा पडदा आणि दांडीच्या खालच्या टोकाला चपटी प्लास्टिकची चकती. या चकतीच्या पोटात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. हीच कॉइल. पडदा, बटणं, आवाजांचे पन्नास प्रकार हे सगळं नंतरचं. मातीशी बोलते ती कॉइलच. तरी नवा गिऱ्हाईक यंत्र घेताना महिनाभर विचार करतो आणि कॉइल मात्र खोक्यात मिळेल ती लावतो. वर्षभरानं ‘अजून खोल जायला हवं’ म्हणून मोठी विकत घेतो. हा क्रम इतका ठरलेला आहे की विक्रेत्यांनी त्यावर वेगळी मेहनत घ्यायची गरजच उरत नाही.

कॉइलचं काम असं. एका वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारी वीज सोडली, की भोवती सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते जमिनीतल्या धातूपर्यंत पोचलं की धातूच्या अंगात छोटे भोवरी प्रवाह उठतात आणि त्यांचं स्वतःचं क्षीण क्षेत्र परत वर येतं. दुसरं वेटोळं ते टिपतं. अडचण अशी, की पहिल्या वेटोळ्याचा गोंगाट दुसऱ्याच्या कानाशीच चाललेला असतो. म्हणून दोघांची मांडणी अशी करावी लागते, की धातू नसताना दुसऱ्याला जवळजवळ काहीच ऐकू येऊ नये. ही जुळणी केसभर बिघडली तरी यंत्र वेडंवाकडं ओरडतं.

हा तोल साधण्याचा एक गाजलेला प्रयत्न १८८१ चा. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांना २ जुलैला गोळी लागली आणि ती शरीरात कुठे अडकली हे डॉक्टरांना कळेना. टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी घाईघाईनं दोन वेटोळ्यांचं यंत्र बनवलं आणि ते आजाऱ्याच्या अंगावरून फिरवलं. यंत्र चांगलं होतं, पण पलंगाच्या गादीत लोखंडी स्प्रिंगा होत्या. शिवाय गोळी उजव्या बाजूला आहे असं मुख्य डॉक्टरांचं ठाम मत असल्यानं शोध उजवीकडेच झाला. गोळी निघाली डावीकडे, आणि तीही १९ सप्टेंबरला गारफील्ड गेल्यानंतरच्या शवविच्छेदनात. आसपासचं लोखंड आणि चुकीच्या जागी फिरवलेली कॉइल: नांगरलेल्या शेतात आजही माणूस याच दोन कारणांनी रिकाम्या हातानं परततो.

वेटोळ्यांच्या मांडणीवरून कॉइलची दोन मोठी घराणी पडतात. पहिलं एककेंद्री: बाहेर मोठं वर्तुळ, आत लहान वर्तुळ. तिचं लक्ष खाली शंकूसारखं निमुळतं होत जातं. वरच्या चार बोटांत चकतीएवढी रुंदी, पण वीतभर खाली गेलं की मधोमध उरतो तो छोटा ठिपका. त्यामुळे वस्तूची नेमकी जागा धरायला ती उत्तम. लोखंडी पत्र्याचा तुकडा आणि नाणं यांतला फरकही हलक्या मातीत ती बरा सांगते. दुसरं घराणं डबल-डीचं: इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची दोन वेटोळी पाठीला पाठ लावून, मध्ये थोडी एकमेकांवर चढवलेली. तिचं लक्ष त्या मधल्या पट्टीखाली, टोकापासून टाचेपर्यंत सुरीच्या पात्यासारखं उभं उतरतं. खोल गेलं तरी पात्याची लांबी फारशी घटत नाही.

फरक कागदावर बारीक वाटतो, पण शेतात तो पायांना जाणवतो. एककेंद्री कॉइल घेऊन मोठी पावलं टाकत गेलं, तर दोन फेऱ्यांच्या मधली खोलवरची माती तपासलीच जात नाही. वरवर शेत झाडून काढल्याचं समाधान मिळतं आणि खाली अनेक पट्ट्या न तपासलेल्या राहतात. डबल-डी हे अंतर भरून काढते, शिवाय मातीतल्या खनिजांनी कमी गोंधळते. म्हणून आजच्या बहुतेक यंत्रांना कारखान्यातूनच डबल-डी कॉइल येते. तिचेही दोष आहेत. गंजलेला सपाट लोखंडी पत्रा तिला कधीकधी सोनं-चांदी वाटतो आणि तिच्या चकतीच्या कडेवर वस्तू आली की दुहेरी, फसवा आवाज येतो.

आता आकार. ऑस्ट्रेलियातल्या मिनलॅब कंपनीचं २०१८ मध्ये आलेलं इक्विनॉक्स ८०० हे यंत्र ११ इंची कॉइलसह मिळे. ६ इंची आणि १५ बाय १२ इंची वेगळ्या घ्याव्या लागत. फ्रान्सच्या एक्सपी कंपनीच्या डेऊसला ९ इंची, ११ इंची आणि १३ बाय ११ इंची अशा कॉइल मिळतात. साधारण सगळीकडे अशाच तीन पायऱ्या: लहान, मधली, मोठी. मोठी जास्त खोल ऐकते हे खरं आहे. पण किती? कॉइलच्या मापापेक्षा वस्तू बरीच दूर असली, की जाणारं क्षेत्र अंतराच्या तिसऱ्या घातानं क्षीण होतं आणि परत येणारंही तसंच. लहान नाण्याच्या बाबतीत अंतर दुप्पट झालं की आवाज चौसष्टावा हिस्सा उरतो. या उतारावर कॉइलच्या व्यासात चार इंचांची भर घालून नाण्यासाठी मिळतात ती जेमतेम एक-दोन बोटं. ती बोटंही मिळतात माती शांत असेल तर. मोठी कॉइल नाण्याबरोबर जास्त मातीही ऐकते, आणि माती खनिजांनी भरलेली असेल तर तिचा गोंधळ नाण्याचा आवाज गिळून टाकतो.

हा मुद्दा मराठी वाचकाला पायाखालीच दिसेल. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, आणि त्या खडकाची झीज होऊन बनलेल्या आपल्या जमिनीत ते उतरलेलं आहे. इंग्लंडमधल्या विल्टशायरच्या खडूच्या पांढऱ्या जमिनीत गुपचूप चालणारं यंत्र अशा मातीवर आधी तिच्याशीच जुळवून घ्यावं लागतं. तिथे मोठ्या कॉइलपेक्षा लहान कॉइल खोल ऐकते असं उलटं चित्रही दिसू शकतं. अर्थात आपल्याकडे हा छंद म्हणून करायचा प्रकार नव्हे. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांवरची कोणतीही मौल्यवान वस्तू सापडली तर सापडणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं. संरक्षित स्थळांच्या बाबतीत १९५८ चा पुरातत्त्व कायदा आणखी कडक आहे. आपल्याकडचे मोठे ऐवज डिटेक्टरशिवायच वर आले. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला चांदीची सुमारे १३,२५० नाणी निघाली. ती क्षत्रप नहपानाची होती आणि त्यांतल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारला होता. कोण हरलं आणि कोण जिंकलं याचा निकाल त्या ढिगानं दिला. दायमाबादचे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा हे ६० किलोच्या वर भरणारे ब्राँझ १९७४ मध्ये मिळाले, तेही झाडाचं खोड उपटताना.

इंग्लंडात कायदा वेगळा आहे आणि त्यामुळेच तिथे हा छंद उघड्यावर वाढला. १९९६ च्या ट्रेझर कायद्यानुसार ३०० वर्षांपेक्षा जुनी, किमान १० टक्के सोनं किंवा चांदी असलेली वस्तू किंवा एकत्र सापडलेली तशी दोन नाणी १४ दिवसांत कळवावी लागतात. संग्रहालयानं ती घेतली तर ठरलेली रक्कम सापडणाऱ्याला आणि जमीनमालकाला मिळते. १९९७ पासून ‘पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम’ ही नोंदणीची व्यवस्था चालू आहे. कायद्यात न बसणारे बकल, बटणं, शिशाच्या गोळ्याही लोक तिथे आपणहून दाखवतात. आजवर नोंदलेल्या वस्तू पंधरा लाखांच्या पुढे गेल्या आहेत.

छंद करणाऱ्यांसाठी एक आचारसंहिताही आहे. तिचं सांगणं, की शक्यतो आधीच उलथलेल्या जमिनीत शोधा आणि तिथेही नांगरटीच्या खोलीपर्यंतच थांबा. तिकडे फाळ साधारण २० ते २५ सेंटीमीटर जातो. आपल्या हिशेबानं वीतभर. या थरातल्या वस्तू मूळ जागेवरून कधीच हललेल्या असतात. फाळ त्यांना ओढतो, वाकवतो, तोडतो. रासायनिक खतं धातू कुरतडतात. २००१ मध्ये केंटमधल्या रिंगलमियर इथे क्लिफ ब्रॅडशॉ यांना साडेतीन हजार वर्षांहून जुना सोन्याचा पेला मिळाला, तो नांगराच्या माराने चेपून चुरगळलेला होता. अशी वस्तू वर काढणं म्हणजे तिला वाचवणं. पण फाळाच्या खाली, न हललेल्या मातीत वस्तू जशी ठेवली तशी असते. शेजारी काय, वर काय, खाली काय, यालाच तिथे मोल असतं, आणि ते खोदकाम शिकलेल्या माणसाचं काम आहे.

म्हणजे नांगरलेल्या शेतात हौशी माणसाला हक्काची खोली वीतभरच. मधल्या आकाराची कोणतीही बरी कॉइल नाण्यासाठी तेवढं ऐकतेच. मग खोलीसाठी मोठी कॉइल कशाला घ्यायची? रुंदीसाठी घ्यावी. हिशेब सोपा आहे. एका हेक्टरला दीड मीटर रुंदीचा झोका धरला तर शंभर मीटरच्या ६७ फेऱ्या, म्हणजे सुमारे पावणेसात किलोमीटर चाल. ११ इंची कॉइल प्रत्येक झोक्याला २५ सेंटीमीटर पुढे सरकवली तर जवळपास २७ हजार झोके. १५ इंची कॉइल ३३ सेंटीमीटरनं सरकते, तेव्हा २० हजारांत काम होतं. ६ इंची घेऊन तेच रान काढायचं तर ५५ हजारांच्या वर झोके, आणि तेवढे कुणी करत नाही. मधलं सोडून देतो. दुसऱ्या बाजूला, मोठी कॉइल दांडीच्या अगदी टोकाला लटकते, त्यामुळे दोनशे-तीनशे ग्रॅमचा फरकही दुपारपर्यंत खांद्यात उतरतो. थकलेला हात झोक्याच्या दोन्ही टोकांना कॉइल वर उचलतो. तिथे चार बोटं उचलली की विकत घेतलेली खोली हवेतच संपली.

पण रुंद कॉइलचा फायदा रान मोकळं असेल तरच. इंग्लंडच्या शेतांत रोमन काळापासूनचे खिळे, घोड्यांचे नाल, साखळ्यांचे तुकडे, ट्रॅक्टरचे बोल्ट पडलेले आहेत. जुन्या वस्तीच्या जागेवर तर हातभर अंतरात चार खिळे. मोठ्या कॉइलखाली खिळा आणि नाणं एकाच वेळी येतात आणि खिळ्याच्या घरघरीत नाण्याचा आवाज बुडतो. तिथे ६ किंवा ९ इंची कॉइल काढावी. ती कमी माती पाहते म्हणून दोघांना वेगळं ओळखते. सावकाश, अर्ध्या पावलानं. शिवाय हल्ली काही शेतांत शहरी कचऱ्याचं कंपोस्ट पसरतात आणि त्यातून बाटल्यांची बुचं, ॲल्युमिनियमच्या डब्यांचे चुरे येतात. अशा रानात मोठी कॉइल नेणं म्हणजे डोकेदुखी पैसे देऊन घेणं.

शेताचा हंगाम हा तिसरा घटक, आणि अनुभवी माणसं त्याच्यावरूनच सकाळी कॉइल ठरवतात. ऑगस्टमध्ये गहू निघाला की रानात धसकटं उभी. कॉइल त्यांच्या टोकांवरून फिरवावी लागते, म्हणजे जमिनीपासून सुरुवातीलाच चार बोटं वर. शिवाय प्रत्येक धसकट कडेवर आपटतं आणि हलक्या बांधणीची कॉइल खोटंखोटं टिवटिवते. मग नांगरट. ताज्या नांगरलेल्या रानात ढेकळं डोक्याएवढी आणि तासांमध्ये खड्डे. १५ इंची चकती दोन वरंब्यांवर पाटासारखी टेकते आणि खालचा तास तिच्यासाठी वीतभर दूर जातो. इथे लहान किंवा लंबगोल कॉइल तासात उतरते, तासाच्या लांबीनं चालत जाते आणि मोठीपेक्षा जास्त शोधते. पुढे कुळवणी झाली, पेरणी झाली, वरून रोलर फिरला की तेच रान टेबलासारखं सपाट. आता मोठी कॉइल काढायची वेळ. शेतमालकाची परवानगी असेल तर कोवळा गहू वर येईपर्यंतचे हे थोडे आठवडे वर्षातले सर्वांत चांगले.

सपाटीइतकाच ओलावा महत्त्वाचा. आपला शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, ती अवस्था डिटेक्टरवाल्यालाही हवी असते. नुकत्या उलथलेल्या कोरड्या मातीत पोकळ्या असतात, आणि पाऊस पडून माती बसली की आवाज सुधारतो असा सगळ्यांचाच अनुभव. अति ओल मात्र चिकणमातीत त्रासाची. बूट दोन-दोन किलोचे होतात आणि चिखल कॉइलच्या संरक्षक झाकणात शिरतो. हे झाकण म्हणजे चकतीच्या तळाला बसणारी प्लास्टिकची थाळी. ती न काढता महिनाभर वापरली की आत माती आणि बारीक खडी साचते. त्यात लोहयुक्त कण असले तर कॉइल हवेत धरली तरी आवाज देते आणि माणूस यंत्राला शिव्या घालत बसतो. थाळी काढून, पुसून, पुन्हा बसवणं हे दोन मिनिटांचं काम. तारेचंही तसंच. कॉइलची तार दांडीला सैल गुंडाळलेली असेल आणि प्रत्येक झोक्याला चकतीच्या माथ्यावर डोलत असेल, तर तिच्यातल्या तांब्यानंच आवाज येतो. २००९ मध्ये आलेल्या डेऊसनं ही तारच काढून टाकली. त्याची कॉइल आपलं म्हणणं बिनतारी कळवते.

आवाज मिळाल्यावर खणायचं कसं, यातही कॉइलचा हात असतो. दोन्ही दिशांनी फिरवून एकसारखा आवाज आला, तर फावड्यानं एक चौकोनी ढेकूळ उचलून बाजूला ठेवायचं. मग खड्ड्यावरून एक झोका, ढेकळावरून एक झोका. वस्तू ढेकळात असेल तर यंत्र जमिनीवर आडवं ठेवून माती मुठीमुठीनं चकतीवरून फिरवायची. कॉइल वरच्या बाजूनंही ऐकते, हे नवख्यांना माहीत नसतं. ओरडली ती मूठ फोडायची. त्या हातात अंगठी मात्र नको, नाहीतर प्रत्येक मूठ सोन्याची. पोलादी टोपीचे बूटही नकोत. झोका पायाजवळ आला की दरवेळी आवाज.

मुठीतून निघतं काय? बहुतेक वेळा शिशाचा थेंब, पितळी बटण, काडतुसाची टोपी. कधी चांदीची पेनी. मध्ययुगीन इंग्लिश पेनी साधारण १.४ ग्रॅमची, नखापेक्षा पातळ. सुटे पैसे हवे असले की तीच कापून अर्धी किंवा पाव करत. १२७९ च्या सुधारणेत एडवर्ड पहिल्यानं गोल अर्धी आणि पाव नाणी आणली, तोवर ही कापाकापी सर्रास चाले. पाव तुकडा ग्रॅमचा तिसरा हिस्सा भरतो आणि त्याचं कोपऱ्याचं टोक अंगठ्याला टोचतं. असला तुकडा १५ इंची कॉइलखालून सहज निसटतो. तो हवा असेल तर ९ इंची कॉइल, वरची कंप्रता आणि जमिनीला जवळजवळ घासत जाणारा झोका. यंत्राची कंप्रता कमी ठेवली की मोठी, जाड चांदी-तांबं चांगलं बोलतं. जास्त ठेवली की बारीक आणि पातळ वस्तू. आजची यंत्रं एकाच वेळी अनेक कंप्रता वापरतात, तरी चकतीचा आकार भौतिकशास्त्राच्याच हुकमात राहतो.

रुंदीचं महत्त्व सगळ्यांत ठसठशीत दिसलं ते बॉसवर्थला. २२ ऑगस्ट १४८५ ला राजा तिसरा रिचर्ड जिथे पडला, ती रणभूमी नक्की कुठे यावर इतिहासकार भांडत होते. टेकडीवर माहितीकेंद्र बांधलं, झेंडे लावले. २००५ पासून ग्लेन फोर्ड यांच्या नेतृत्वाखाली आसपासच्या शेतांची पद्धतशीर तपासणी झाली. डिटेक्टरवाले ओळीनं, ठरावीक अंतरावरून, नांगरलेल्या रानातून महिनोन्महिने चालत राहिले आणि प्रत्येक तुकड्याची जागा नोंदवत गेले. आधी काहीच नाही. मग शिशाचे तोफगोळे मिळू लागले, ३० हून जास्त. पंधराव्या शतकातल्या युरोपच्या कुठल्याही रणांगणावर तोवर इतके मिळाले नव्हते. एका जुन्या दलदलीच्या काठावर चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेलं इवलंसं रानडुकराचं चिन्ह सापडलं. रानडुक्कर हे रिचर्डचं राजचिन्ह. ते त्याच्या जवळच्या सरदारांच्या छातीवर असायचं. रणभूमी टेकडीपासून सुमारे तीन किलोमीटर सरकली. त्या वस्तू खोल नव्हत्याच. शेकडो हेक्टर रान कुणी इतक्या शिस्तीनं चाललं नव्हतं, एवढंच.

उलट बाजूही आहे. रात्री चोरून शेतात शिरणाऱ्यांना तिकडे ‘नाइटहॉक’ म्हणतात. २०१५ मध्ये हेरफर्डशायरमधल्या लेमिन्स्टरजवळ दोघांनी सोन्याचे दागिने आणि शेकडो नाण्यांचा ऐवज काढला आणि कळवण्याऐवजी विकायला सुरुवात केली. नाण्यांपैकी फार थोडी परत मिळाली. २०१९ मध्ये दोघेही तुरुंगात गेले. ऐवज शोधून काढण्याचं कौशल्य त्यांच्याकडे होतंच. कळवलं असतं तर कायद्यानं मिळणारी रक्कम मोठी आणि बिनघोर होती, म्हणून हा गुन्हा जरा मूर्खपणाचाही वाटतो.

मोठ्या साठ्याला मोठी कॉइल हवी हा समज तर पुन्हा पुन्हा खोटा ठरला आहे. धातूचा ढीग जितका मोठा, तितका तो कोणत्याही कॉइलला लांबून ऐकू येतो. १९९२ च्या नोव्हेंबरात सफोकमधल्या हॉक्सन इथे एरिक लॉज हे निवृत्त गृहस्थ एका शेतकऱ्याची हरवलेली हातोडी शोधायला गेले आणि रोमन काळातली १४ हजारांवर नाणी, चांदीचे चमचे आणि सोन्याचे दागिने यांच्यावर पोचले. थोडं वर येताच ते थांबले, कळवलं आणि पुरातत्त्वज्ञांनी दुसऱ्या दिवशी लाकडी पेटीतली मांडणी तशीच्या तशी उचलली. हातोडीही सापडली, ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

एप्रिल २०१० मध्ये सॉमरसेटमधल्या फ्रोमजवळ डेव्ह क्रिस्प यांनी एका विचित्र आवाजावर खणलं. साधारण ३५ सेंटीमीटरवर काळपट मडक्याचं तोंड आणि काही नाणी दिसली. त्यांनी खड्डा बुजवला आणि फोन केला. खाली ६० सेंटीमीटर उंचीचं मडकं होतं. त्यात ५२,५०३ रोमन नाणी, वजन सुमारे १६० किलो. पुरातत्त्वज्ञांनी ती एकदम न ओतता मडक्याच्या आतून थराथरानं काढली आणि प्रत्येक थराची वेगळी पिशवी केली. तिसऱ्या शतकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये बंड करून सम्राट झालेल्या करॉशियसची नाणी ही या साठ्यातली सर्वांत उशिराची. साठा वर्षानुवर्षं भरत गेला असता, तर ती मडक्याच्या तोंडाशी असायला हवी होती. त्यांतली बहुतेक निघाली अर्ध्याहून खालच्या एका थरात. म्हणजे मडकं एकाच वेळी भरलं गेलं. एवढ्या पातळ मडक्यात १६० किलो घालून ते उचलून आणणं शक्य नव्हतं. आधी रिकामं मडकं पुरलं, मग त्यात नाणी ओतली. परत काढायच्या बेतानं कुणी असं पुरत नाही, त्यामुळे तो देवाला वाहिलेला नवस असावा असं काही अभ्यासकांना वाटतं. टॉन्टनच्या सॉमरसेट म्युझियमसाठी तो साठा ३,२०,२५० पौंडांना घेण्यात आला.